सोळा की अठरा?

एक छोटा प्रयोग करा. मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगा. शून्याच्या खुणेपाशी अंगठा व तर्जनी किंचित उघडी ठेवा. मित्राने न सांगता पट्टी सोडली की ती चिमटीत पकडा. २० सेंटिमीटरच्या खुणेवर पकडलीत, तर तुम्हाला सुमारे ०.२ सेकंद लागले. आता हाच प्रयोग वडिलांवर करा. बहुधा तुम्ही त्यांच्या बरोबरीने, कदाचित थोडे आधीच, पट्टी पकडाल.

हात इतके चपळ असताना वाहन चालवायला अठरा वर्षे का थांबायचे? नाशिकच्या कॉलेज रोडवर किंवा गंगापूर रोडवर शिकवणीला जाणाऱ्या अनेकांच्या मनात हा प्रश्न येत असेल.

आधी कायदा पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवण्यास अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. सवलत एकच: सोळा वर्षांनंतर ५० घन सेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी चालवता येते. त्यासाठी शिकाऊ परवाना घेताना पालकांची लेखी संमती लागते. १९७२ साली बाजारात आलेली लूना अशीच ५० घन सेंटिमीटरची होती. आजच्या बहुतेक पेट्रोल स्कूटरी मात्र १०० ते १२५ घन सेंटिमीटरच्या आहेत. म्हणजे सोळाव्या वर्षी मिळालेला परवाना खिशात असला, तरी घरची स्कूटर चालवण्यासाठी तो निरुपयोगी! ज्यांची मोटर २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, अशा विजेच्या दुचाकींना परवाना लागत नाही. वेगवान विजेच्या स्कूटरींना तो लागतोच.

वेगाला एवढे महत्त्व का? गणित करून पाहा. अचानक गाय आडवी आली, तर ती दिसून ब्रेक दाबेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो असे धरू. ताशी २० किलोमीटर वेग असेल, तर तेवढ्यात गाडी साडेपाच मीटर पुढे जाते आणि ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावर आणखी सुमारे तीन मीटर. ताशी ४० ला हेच आकडे ११ आणि १२ मीटर होतात. वेग दुप्पट झाला, पण ब्रेकनंतरचे अंतर चौपट! कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

म्हणून खरा प्रश्न हात किती चपळ आहेत हा नसून वेग किती ठेवायचा हे कोण ठरवते, हा आहे. ते मेंदू ठरवतो. परिणामांचा विचार करणारा, मोहाला आवर घालणारा कपाळामागचा भाग सर्वांत उशिरा, विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो. गार्डनर व स्टाइनबर्ग या अमेरिकी संशोधकांनी २००५ मध्ये ३०६ जणांना संगणकावर मोटार चालवण्याचा खेळ दिला. मित्र शेजारी असताना खेळणाऱ्यांनी अधिक धोके पत्करले आणि हा परिणाम प्रौढांपेक्षा किशोरांत व तरुणांत जास्त दिसला. न्यूझीलंडमध्ये १९८७ पासून परवाना टप्प्याटप्प्याने मिळतो. मधल्या टप्प्यात अनुभवी चालक सोबत नसेल, तर मित्रांना गाडीत घेता येत नाही. आपल्याकडे ट्रिपल सीट जाताना नेमके उलटे घडते.

अठराव्या वाढदिवशी मेंदूत एकदम काही बदलत नाही, हे खरे. कायद्याला कुठे तरी रेघ ओढावी लागते. ती ओलांडण्याची किंमत मात्र घरादाराला पडते. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. दोन वर्षांची घाई, सात वर्षांची शिक्षा!

आता पट्टी पुन्हा हातात घ्या. या वेळी शंभरातून सात-सात वजा करत मोठ्याने मोजा आणि मोजता मोजता पट्टी पकडा. मागे बसलेल्या मित्राशी गप्पा मारताना किती सेंटिमीटर निसटतात, ते पट्टीच सांगेल.