ख्रिस्तकथेचे मराठी श्रोते

बायबल हा एकाच लेखणींतून उतरलेला ग्रंथ नव्हे. अनेक शतकांत, अनेक हातांनीं, निरनिराळ्या श्रोत्यांसाठीं लिहिलेल्या ग्रंथांचा तो संग्रह होय. मत्तय येशूची वंशावळ अब्राहामापासून सांगतो, कारण त्याचा वाचक यहुदी परंपरेंत मुरलेला आहे. लूक तीच वंशावळ थेट आदामापर्यंत नेतो आणि आपला ग्रंथ थियफिल नांवाच्या गृहस्थास उद्देशून लिहितो. वृत्तान्त एकच; परंतु श्रोता पालटला कीं मांडणी पालटते.

याचें बोलकें उदाहरण मराठींतच आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ मध्यें गोव्यास आला आणि त्याचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्यें साष्टींतील राशोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्या, जुन्या कराराचें ‘पैलें पुराण’, नव्याचें ‘दुसरें पुराण’, आणि स्वर्गाला शब्द ‘वैकुंठ’! पुराणश्रवणाची गोडी लागलेल्या नवख्रिस्ती ब्राह्मणांना ही कथा त्यांच्याच सुरांत ऐकावयास मिळाली. मात्र या ओव्यांच्या माधुर्याची वाखाणणी करतांना एक गोष्ट विसरतां येत नाहीं. याच साष्टींतील देवळें १५६७ मध्यें पोर्तुगीज अंमलानें जमीनदोस्त केलीं होतीं. श्रोत्यांचीं जुनीं पुराणें हिरावलीं गेलीं म्हणूनच नव्याची मागणी उत्पन्न झाली.

पुढें १८११ मध्यें श्रीरामपुरास विल्यम केरीनें नवा करार मराठींत छापला. साह्यास पंडित वैजनाथ हे नागपूरकडचे. त्यामुळें त्या भाषेंत वऱ्हाड-नागपूरकडची छटा उतरली, यांत नवल तें काय?

सर्वांत विलक्षण प्रकार पंडिता रमाबाईंचा. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या गांवोगांवीं पुराणें सांगतच वाढली. पुढें केडगांवीं हिब्रू व ग्रीक मुळांवरून तिनें संपूर्ण बायबल मराठींत आणलें. आणि ज्या संस्कृत शब्दांना हिंदु तत्त्वज्ञानाचा अर्थ चिकटलेला, ते तिनें कटाक्षानें टाळले. परक्या इंग्रजानें ‘वैकुंठ’ उचलावें आणि पुराणिकाच्या लेकीनें तसले शब्द वर्ज्य करावे! पण यांत विसंगति नाहीं. स्टीफन्सला जुना शब्द पुलासारखा वाटला. रमाबाईंस त्या शब्दांचें वजन आंतून ठाऊक होतें; जुना अर्थ नव्या वाक्यांत शिरेल, ही त्यांची धास्ती होती. शिवाय त्यांचा वाचक पंडित नव्हता. दुष्काळांतून वांचलेल्या मुली, विधवा, नुकतीं अक्षरें ओळखूं लागलेल्या बायका, यांच्यासाठीं तें साधें मराठी होतें. रमाबाई १९२२ मध्यें निवर्तल्या व ग्रंथ १९२४ मध्यें पूर्ण छापून निघाला. त्याचे खिळे जुळविणाऱ्याही मुक्तिसदनांतल्या बायकाच होत्या.