तोंडी नकार कागदावर आणा : स्वमग्न मुलाची शाळा आणि आपला हक्क



गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये एक आई साडेसहा वर्षांच्या मुलाला घेऊन विहारात आली. दर रविवारी वंदनेनंतर आम्ही काहीजण दवाखान्याच्या आणि सरकारी कागदांच्या कामात वस्तीतल्या लोकांना मदत करतो. मुलगा बोलत नव्हता. बाटल्यांची झाकणे एका रांगेत लावत बसला होता. माइक सुरू झाला की दोन्ही कान दाबून घेत होता.

शाळेने तीन आठवडे त्याला वर्गाबाहेर बसवले आणि मग सांगितले, "हा आमच्याकडे चालणार नाही, स्पेशल शाळेत घाला." विशेष शाळेत गेली तर तिथे उत्तर मिळाले, "जागा नाही, पुढच्या वर्षी बघू." दोन्ही ठिकाणी कोणी एक ओळसुद्धा लिहून दिली नव्हती. धुणीभांड्याची दोन घरे सोडून ती माउली मुलापाशी घरी बसली होती.

वर्गाबाहेर बसवलेले मूल म्हटले की साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळे बसणारे बाल भीमराव आपल्याला आठवतात. आज कारण वेगळे आहे, पण मूल बाहेरच आहे. फरक एवढाच की आज आपल्या हातात कायदा आहे. तो कसा वापरायचा ते या लेखात सांगतो.

आधी आजार नव्हे, अवस्था समजून घ्या

स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, ही मेंदूच्या वाढीतली जन्मापासूनची वेगळी घडण आहे. हाक मारली तरी न बघणे, बोलणे उशिरा येणे किंवा न येणे, तीच ती कृती पुन्हा पुन्हा करणे, आवाज किंवा स्पर्श सहन न होणे, ही तिची काही लक्षणे. आईने लक्ष दिले नाही म्हणून ती होत नाही, लसीने होत नाही आणि मारून जात नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्या काही घरांतही अशा मुलाला आधी भगताकडे नेतात, हे आम्ही खेदाने पाहतो. त्यात पैसा जातो आणि त्याहून मोलाची लहान वयातली वर्षे जातात. लवकर सुरू केलेली स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि योग्य शाळा यांनी मूल पुष्कळ शिकते.

पहिला कागद : दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये एकवीस प्रकारची दिव्यांगत्वे मान्य केली आहेत. त्यांत स्वमग्नता आहे. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, मग नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते आणि प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड मिळते. मोबाइलवर अर्ज जमत नसेल तर वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींनी भरून द्यावा. शाळेचे बहुतेक हक्क ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वावर मिळतात. टक्केवारी चुकीची वाटली किंवा प्रमाणपत्र नाकारले, तर याच कायद्याच्या कलम ५९ खाली त्या निर्णयावर अपील करता येते.

कायदा काय म्हणतो

कलम १६ प्रमाणे सरकारी किंवा सरकारमान्य शाळेने दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे. कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. म्हणजे साधी शाळा की विशेष शाळा, हे मुख्याध्यापकांनी परस्पर ठरवायचे नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ सांगतो की वर्ष सुरू झाले म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेता येत नाही.

तोंडी नकारावर अपील होत नाही

आपली माणसे इथेच अडकतात. साहेब "नाही" म्हणाले की आपण मान खाली घालून परत येतो. पण तोंडी नकाराचा पुरावा राहत नाही. उद्या तेच साहेब म्हणतील, "आम्ही नाकारलेच नव्हते, पालक आलेच नाहीत." म्हणून पुढची पावले क्रमाने टाका.

१. शाळेला प्रवेशाचा लेखी अर्ज द्या. सोबत प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडा, मूळ प्रत देऊ नका. अर्जाच्या दोन प्रती करा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. अर्ज घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

२. अर्जात एवढेच लिहा : "माझ्या मुलाला प्रवेश द्यावा. नाकारायचा असल्यास कारणासह लेखी कळवावे." भांडण लिहू नका, तारखा लिहा.

३. नकार आला किंवा उत्तरच आले नाही, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा. शहरात महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या शिक्षण विभागाकडे, गावात पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. त्यांनी दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो.

४. तो निर्णय मान्य नसेल तर महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करा. हे अपील पहिली ते आठवीच्या, म्हणजे ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे.

५. मूल त्याहून मोठे असेल किंवा अडवणूक विशेष शाळेतच होत असेल, तर दिव्यांग हक्क कायद्याखाली राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. चौकशीत माणसे व कागद बोलावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार त्यांना आहेत.

वकिलाचे पैसे कुठून आणायचे ही काळजी करू नका. अनुसूचित जातीच्या व्यक्ती, स्त्रिया, मुले आणि दिव्यांग यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयात असते.

जागा मिळण्याआधी शाळा पाहा

सगळ्याच स्वमग्न मुलांना विशेष शाळा लागते असे नाही. काही मुले थोड्या मदतीवर साध्या शाळेत चांगली रमतात. विशेष शाळा निवडत असाल तर आधी स्वतः जाऊन बघा. शिक्षक विशेष शिक्षणाचे प्रशिक्षण घेतलेले आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेले आहेत का? एका वर्गात मुले किती? संडास स्वच्छ आहे का? मुलाला दटावतात की समजावतात? घरापासून लांब असेल तर वाहतुकीची सोयही अर्जात मागा. कलम १६ मध्ये तीही आहे.

त्या मुलाचे पुढे काय झाले

आम्ही त्या आईसोबत बसून अर्ज लिहिला. प्रमाणपत्र हाती यायला वेळ लागला, मग कलम ३२ ची तक्रार केली. सुनावणीला ती एकटी गेली नाही, महिला मंडळाच्या दोघीजणी सोबत होत्या. शाळा म्हणाली, "आम्ही नाकारलेच नव्हते." तेव्हा तिने शिक्का असलेली प्रत आणि तारखांची वही पुढे ठेवली. तिथून बोलण्याचा सूर बदलला. अधिकाऱ्यांनी तिची पसंती विचारली आणि मार्चमध्ये मुलाला विशेष शाळेत जागा मिळाली.

सात महिने वाया गेले, ते परत येणार नाहीत. सुटलेल्या दोन घरांपैकी एकच काम तिला पुन्हा मिळाले. पण मुलगा आता दप्तर दिसले की स्वतः चपला घालून दारात उभा राहतो.

आपल्या वस्तीत असे मूल घरात बसून असेल तर त्या घरी जा. त्या आईला दोष देऊ नका, तिच्यासोबत एक अर्ज लिहा. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हे आपण जयंतीला म्हणतो. एका कागदावर आवक शिक्का मिळवणे हाही त्याच संघर्षाचा भाग आहे.

जय भीम, नमो बुद्धाय.