लाइट म्हणजे लाइट

५ एप्रिल २०२०, रविवार. रात्रीचे पावणेनऊ. २२० केव्ही सबस्टेशनच्या कंट्रोल रूममध्ये आम्ही दोघंच. अण्णा टेबलाच्या त्या टोकाला, मी या टोकाला. मध्ये सॅनिटायझरची बाटली आणि लॉगशीट. तोंडावरच्या रुमालात अण्णांचं निम्मं बोलणं अडकतं, म्हणून फोन आला की ते रुमाल हनुवटीखाली ओढतात आणि बोलून झालं की इमानदारीत वर घेतात.

एमआयडीसीच्या फीडरांकडे बघवत नाही. एरवी अडीचशे अँपिअर ओढणारा पहिला फीडर आज अकरावर बसलाय. वॉचमनचे दिवे आणि एखादा विसरलेला फ्रिज, एवढंच असावं. लॉकडाऊनचा हा बारावा दिवस. लोड गेला की व्होल्टेज चढतं. कपॅसिटर बँका कधीच्या काढून ठेवल्यात, तरी बसवर २३७ केव्ही आहेच.

त्यात आज नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे मालवायचेत. पंतप्रधानांनी परवा सांगितलं, तेव्हापासून आमचा फोन थांबलेला नाही. सगळ्यांनी एकदम दिवे घालवू नका, असं ऊर्जामंत्री नितीन राऊत सांगतायत. दिल्लीचा हिशोब असा, की देशभरात बारा ते चौदा हजार मेगावॅट कमी होतील. फक्त दिवे, बाकी पंखे, फ्रिज, रस्त्यावरचे खांब चालूच ठेवायचे.

भरली घागर शेंदताना दोर तुटला तर शेंदणारा मागे आपटतो. जनित्रांचं तसंच. ओझं सुटलं की ती वेगानं फिरू लागतात आणि फ्रिक्वेन्सी पन्नासच्या वर उसळते. म्हणून दोर तुटायच्या बेतालाच हात सैल सोडायचा. कोळशाच्या संचांना ते मिनिटांत जमत नाही. कोयनेसारख्या पाण्यावरच्या संचांना जमतं. आज सगळी भिस्त पाण्यावर.

आठ एकोणपन्नास. मीटरचे लाल आकडे ४९.७१ दाखवतात.

"पाणी आवरायला घेतलंय त्यांनी," अण्णा पुटपुटतात.

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजतो. रुमाल खाली.

"काय? मेन स्विच? अगं, नुसते दिवे म्हणाले होते!"

पलीकडून वहिनींचा आवाज मलाही ऐकू येतो. "लाइट बंद करा म्हणाले ना? मग लाइटच बंद केली. सगळ्या चाळीनं केली."

वहिनींचं काय चुकलं? आपल्याकडे लाइट येते, लाइट जाते, लाइटचं बिल भरायचं असतं. लाइट म्हणजे नुसता दिवा थोडाच? दिल्लीच्या हिशोबात ही बाई धरलेली दिसत नाही.

नऊच्या आधीच खिडकीतलं गाव विझायला लागतं. एक आळी, मग दुसरी, मग टेकडीवरची नवी कॉलनी. द्वादशीच्या चांदण्यात छपरं दिसतात आणि त्यांच्या कडेनं पणत्यांचे ठिपके. कोणीतरी फटाक्यांची माळ लावतं. कशाबद्दल, देव जाणे. यार्डातले आमचे दिवे मात्र चालू आहेत, ट्रान्सफॉर्मर नेहमीसारखा घुमतोय आणि गावच्या फीडरांचे आकडे पायऱ्या उतरावेत तसे खाली येतायत. फ्रिक्वेन्सी पन्नास ओलांडते. ५०.१. ५०.२. अण्णा खुर्चीवरून उठून मीटरसमोर उभे राहतात. करण्यासारखं काहीच नाही, फीडरला हात लावायचा नाही अशी सूचना आहे.

नऊ आठ. ५०.२६.

आकडा तिथेच घुटमळतो. मग खाली येऊ लागतो. अण्णा बसतात. (देशभरात मागणी ३१,०८९ मेगावॅटनं पडली, हे आम्हाला मागाहून कळतं. पंचवीस मिनिटांत एकट्या पाण्यानं १७,५४३ मेगावॅट आवरले होते.)

गाव पुन्हा उजळतं. दहाच्या रकान्यात मी आकडे भरतो. एमआयडीसी, पहिला फीडर: अकरा.

सव्वादहाला रिलिव्हरचा फोन. गावानं वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकल्यात, पास दाखवला तरी सोडत नाहीत. बारा वाजता यायचा तो आता कधी पोचेल, सांगता येत नाही.

अण्णा डबा उघडतात, दोन पोळ्या खातात आणि उरलेल्या दोन कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवतात.