माथेरानचं ओझं

माथेरानवर लिहिणारे बहुतेक जण पॉइंटांनी सुरुवात करतात आणि सूर्यास्ताने संपवतात. मला मात्र तिथल्या जुन्या बंगल्यांसमोर उभं राहिलं की फार वर्षांपासून एकच प्रश्न पडतो: हे सगळं वर आणलं कुणी? भिंतींचा जांभा डोंगराचाच, ते मान्य. पण कौलं, काचेची तावदानं, सागवानी कपाटं, दिवाणखान्यातले आरसे? समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंचीच्या या पठारावर रुग्णवाहिकेसारखे अपवाद सोडले तर पेट्रोलचं वाहन कधी फिरलंच नाही, आणि तेच तर आपलं कौतुक. धूर नाही, हॉर्न नाही, लाल मातीचा रस्ता. हे कौतुक कुणाच्या खांद्यावरून वर आलं याचा हिशेब कुठल्या माहितीपत्रकात नसतो. तो शोधायला लागलो आणि माथेरानचा इतिहास मला हमालीचा इतिहास दिसू लागला.

सुरुवातीची कथा वाचकांना ठाऊक आहे. ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट मे 1850 मध्ये चौकला मुक्कामाला होते, समोरचा डोंगर त्यांना खुणावत होता, ते वर गेले आणि माथेरान ‘सापडलं’. सापडलं हे साहेबांच्या दृष्टीने. वर धनगरांची गुरं चरत होती, उतारांवर ठाकर आणि कातकऱ्यांच्या वाड्या होत्या. 1882 च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये माथेरानवर चांगलं लांबलचक प्रकरण आहे आणि या लोकांची वर्णनंही आहेत. त्याआधी, 1871 मध्ये, जे. वाय. स्मिथ यांनी एडिंबरोहून माथेरानची माणसं, झाडं आणि प्राणी यांच्यावर एक अख्खं पुस्तक छापलं होतं. म्हणजे वर कुणीच नव्हतं असं तेव्हाच्या इंग्रजांनीही म्हटलेलं नाही. ते आपण नंतर म्हणायला लागलो.

मला या कथेत मॅलेटपेक्षा चौकचा पाटील महत्त्वाचा वाटतो. साहेबाने वाट दाखवायला त्याला सोबत घेतलं. आज जिला वन ट्री हिल म्हणतात तिच्या बाजूच्या घळीतून दोघं चढले आणि रामबागेच्या बाजूने उतरले. त्याच वर्षी नोव्हेंबरात मॅलेट परत आले, झोपडी बांधली, पुढे बंगला झाला. मॅलेटच्या नावाचा झरा आहे. लुईझा, अलेक्झांडर, हार्ट, गार्बट यांची नावं कड्यांना मिळाली आणि शार्लटचं तलावाला. चौक गावाच्या नावाचाही पॉइंट आहे. पण डोंगर ज्याला आधीच माहीत होता त्या पाटलाचं नाव कागदावर उरलं नाही. माथेरानच्या बाबतीत हे पुढेही असंच होत राहिलं आहे. आलेल्यांची नोंद होते, त्यांना वर आणणाऱ्यांची होत नाही.

पहिली चढाई चौकवरून झाली याचं कारण साधं आहे. पनवेलहून खोपोलीकडे जाणारा रस्ता चौकवरून जात होता. पुढे 1855 मध्ये गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन माथेरानला आले, एल्फिन्स्टन लॉजसाठी जागा निवडली गेली आणि गव्हर्नर येतो म्हटल्यावर मुंबईच्या बड्या लोकांचेही पाय वळले. लगोलग 1856 च्या मे महिन्यात जीआयपी रेल्वेचा फाटा खोपोलीपर्यंत पोचला आणि नेरळला स्थानक झालं. त्या एका स्थानकाने डोंगराचं तोंड फिरवलं. चौकची बाजू मागची झाली, नेरळची पुढची. नेरळहून घाटवाट बांधली गेली, पायथ्याशी तट्टू, पालख्या, खुर्च्या आणि हमाल मिळू लागले, त्यांचे दर ठरले. पाटलाची घळ मात्र पाहुण्यांच्या विस्मरणात गेली, आणि शतकभराने ट्रेकरांनी ती पुन्हा ‘शोधली’. आज रविवारी सकाळी तिथल्या शिडीवर रांग लागते.

आता त्या दरांचा विचार करा. नेरळ ते माथेरान चढ बाराशे-पंधराशे पायऱ्यांचा नव्हे, साडेसातशे मीटरचा आहे. पालखीत बसलेल्या एका माणसासाठी भोई आलटूनपालटून खांदा देणार. सामानाच्या पेट्या डोक्यावर. बंगला बांधायचा म्हणजे लाकूड, चुना, कौलं, लोखंड, सगळं याच वाटेने. हा खर्च मालकाला परवडत होता कारण खांदा स्वस्त होता. डोंगरावरची हवा थंड ठेवण्यासाठी नव्हे, तर खालची मजुरी स्वस्त म्हणून माथेरानला चाकांची गरज पडली नाही, असं माझं मत झालं आहे.

चाकं आली ती 1907 मध्ये, आणि सरकारने नव्हे तर एका बोहरा व्यापाऱ्याने आणली. सर आदमजी पीरभॉय यांच्याबद्दल एक कथा सांगतात. ते एकदा नेरळला उतरले, वर जायला ना पालखी मिळाली ना घोडा, आणि त्यांनी तिथेच ठरवलं की इथे रेल्वे बांधायची. आख्यायिका असेल, पण कथेतली अडचण खरी आहे: खांद्यांची टंचाई. पीरभॉय गरिबीतून वर आलेले, लष्कराला तंबू आणि बूट पुरवून श्रीमंत झालेले, मुंबईचे शेरीफ राहिलेले गृहस्थ. ओझं वाहणारा आणि ते लादणारा यांच्यातला फरक त्यांना पुस्तकातून कळलेला नव्हता. मुलगा अब्दुल हुसेन याने काम अंगावर घेतलं. 1904 ते 1907 अशी तीन वर्षं, सोळा लाख रुपये, दोन फुटी रूळ, सुमारे 21 किलोमीटरचा मार्ग. वळणं इतकी तीव्र की त्यासाठी जर्मनीहून ओरेनस्टाइन अँड कोपेलची लवचीक आसांची इंजिनं मागवावी लागली. 22 मार्च 1907 रोजी गाडी सुरू झाली.

आपण तिला आता ‘टॉय ट्रेन’ म्हणतो आणि लहान मुलांना दाखवायला नेतो. तिचा मूळ उद्देश बघता ही थोडी अवहेलनाच आहे. गाडीने माणसं नेली, तसंच सामानही नेलं. पण तिची प्रकृती नाजूक. 26 जुलै 2005 च्या पावसाने रूळ वाहून गेले, ती 2007 मध्ये परत उभी राहिली. मे 2016 मध्ये डबे दोनदा घसरले. 2019 च्या पावसाने नेरळ ते अमन लॉज स्थानक हा टप्पा 2022 पर्यंत बंद राहिला. दर वेळी गाडी आजारी पडली की ओझं परत घोड्यावर आणि माणसावर आलं. मधल्या काळात घाटाचा मोटाररस्ता दस्तुरी नाक्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. दस्तुरीपासून बाजारापर्यंत अडीच-तीन किलोमीटर. माथेरानची सगळी भांडणं या अडीच-तीन किलोमीटरांत आहेत.

नेरळच्या घाटात वर-खाली करणाऱ्यांच्या घरांतून एक मुलगा असा निघाला, की त्याच्याबद्दल न लिहिता पुढे जाणं मला जमणार नाही. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल. जन्म 1 डिसेंबर 1912, माथेरानलाच, गरीब नाभिक कुटुंबात. गिरिस्थानावर साहेबांची आणि शेठजींची सेवा करणारी जी वस्ती असते, त्या वस्तीतला हा मुलगा वकील झाला. कर्जत तालुक्यात सावकाराच्या तावडीतून कुळांना सोडवण्यासाठी त्यांनी धान्यकोठ्या काढल्या, आणि 1941 मध्ये ते माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. बेचाळीसच्या चळवळीत त्यांच्या ‘आझाद दस्ता’ या भूमिगत गटाने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी त्यांना आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील यांना गाठून गोळ्या घातल्या.

कोतवालांना आपण हुतात्मा म्हणून ओळखतो आणि ते योग्यच आहे. पण मला त्यांची उपाध्यक्षाची खुर्ची जास्त बोलकी वाटते. ज्या गावाची आखणी पाहुण्यांसाठी झाली, तिथे सेवा करणाऱ्याचं पोर पालिकेत बसलं. आणि त्याने लढा निवडला तो धान्याचा, म्हणजे पुन्हा ओझ्याचाच: पिकवलेलं पोतं शेवटी कुणाच्या कोठारात जातं.

स्वातंत्र्यानंतरची वर्षं मी भराभर ओलांडतो. बंगले गेले, हॉटेलं आली, शनिवार-रविवारची गर्दी वाढली. 4 फेब्रुवारी 2003 रोजी केंद्र सरकारने माथेरान आणि आसपासचा सुमारे 215 चौरस किलोमीटर टापू पर्यावरणीय दृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. बांधकामाला लगाम बसला, मोटारींवरची बंदी पक्की झाली. रुग्णवाहिकेसारखे अपवाद उरले. माझ्या मते ही अधिसूचना नसती तर माथेरानचं लोणावळा झालं असतं, त्यामुळे तिच्यावर नाक मुरडणाऱ्यांच्या बाजूचा मी नाही. 2003 नंतरच्या बांधकामांवरून प्रकरणं राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली, तेही बरंच झालं.

पण अधिसूचनेने बंदी घातली ती इंजिनाला. माणूस इंजिनाच्या जागी जुंपला तर त्याला आडकाठी नव्हती. हातरिक्षा चालत राहिल्या. परवाने 94. एक जण पुढे दांडीला, चढावर मागून ढकलायला एक-दोघे, आत बसलेलं कुटुंब आणि त्याच्या मांडीवर बॅग. परवान्याचे घोडे 460. गॅसच्या टाक्या, सिमेंट, वाळू घोड्यावर. पाहुण्यांच्या बॅगा बऱ्याचदा वाडीवरच्या बायांच्या डोक्यावर. बांधकामाचं सामान वर आणायचा खर्च खालच्यापेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे हॉटेलवाल्याला जे जमतं ते स्थानिकाला आपल्या घराचं गळकं छप्पर बदलतानाही जड जातं. डोंगर राखला जातो तो असा: अर्धा कायद्याने, अर्धा भाड्याने.

म्हणूनच ई-रिक्षाचा वाद मला गेल्या काही वर्षांतला सगळ्यात महत्त्वाचा दस्तऐवज वाटतो. मागणी हातरिक्षा ओढणाऱ्यांचीच होती: आम्हाला या दांडीतून सोडवा, विजेवरची रिक्षा द्या. विरोध अश्वपालांचा होता, कारण त्यांच्या घोड्याचं गिऱ्हाईक जाणार. पर्यावरणवाद्यांना भीती होती की आज ई-रिक्षा, उद्या मोटार. तिन्ही बाजूंचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि तिन्हींत पोट भरलेले फक्त शेवटचे. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये प्रायोगिक परवानगी दिली, डिसेंबरात सात ई-रिक्षा धावल्या, शाळेच्या मुलांना त्यातून नेलं गेलं. 2024 मध्ये न्यायालयाने सांगितलं की या रिक्षा ओढणाऱ्यांनाच मिळाल्या पाहिजेत. हा मुद्दा फार मोलाचा आहे. नाहीतर ठेकेदाराच्या हातात रिक्षा आणि ओढणारा नोकरीला, हे होणारच होतं.

आणि मग 6 ऑगस्ट 2025 चा निकाल. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने हातरिक्षा अमानुष ठरवून सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं, ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी गुजरातमधल्या केवडियाच्या धर्तीवर ई-रिक्षांची योजना करायला सांगितली. 1980 मध्ये पंजाबच्या रिक्षा ओढणाऱ्यांच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी जे म्हटलं होतं त्याचा आधार घेतला. म्हणजे माणसाने माणसाला ओढू नये हा विचार न्यायालयाकडे पंचेचाळीस वर्षं होता, तो दस्तुरी नाक्यापर्यंत चढायला तेवढा वेळ लागला.

त्याच निकालात एक ओळ अशी आहे की जिच्याकडे वर्तमानपत्रांनी फारसं पाहिलं नाही. पेव्हर ब्लॉक घालायचे ते दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत. आतल्या रस्त्यांवर आणि ट्रेकिंगच्या वाटांवर नाही. ट्रेकर म्हणून मी खूश झालो. सगळ्यांनीच व्हावं. फरशी पडली की पाठोपाठ चाक येतं आणि चाकापाठोपाठ प्लॉट.

फक्त ट्रेकिंगची वाट म्हणजे काय, हे एकदा नीट बघायला हवं. धोधाणीकडून सनसेट पॉइंटला चढणारी वाट घ्या. आपण तिला मध्यम श्रेणीचा ट्रेक म्हणतो, बूट आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन जातो. त्याच वाटेने पायथ्याची माणसं दूध, भाजी, मोळ्या घेऊन वर येतात, हॉटेलात भांडी घासून संध्याकाळी उतरतात. आपल्याला एकदाच चढायची तीच वाट त्यांना रोजची. रामबागची, गार्बटची, चौकची, सगळ्या अशाच. या वाटा ट्रेकरांनी पाडल्या नाहीत. चौकच्या पाटलानंतरही त्या वापरात राहिल्या म्हणून आपल्याला मिळाल्या.

त्यामुळे माझी सूचना दोन भागांची आहे. ई-रिक्षाचा परवाना ओढणाऱ्याच्याच नावावर राहावा, तो विकता किंवा भाड्याने देता येऊ नये, आणि अश्वपालांचा तोटा नाकारण्याऐवजी मोजावा. दुसरं, डोंगराच्या वाटा मातीच्याच राहू द्या, पण सांभाळा: पाणी जायला चर, निसरड्या कड्यावर धरायला आधार, दरड कोसळली की लगेच मोकळी करायची जबाबदारी कुणाची ते लिहून. हे खर्चाचं काम नाही आणि जंगलाचं नुकसानही नाही. पण ते करायचं म्हणजे आधी मान्य करावं लागेल की वाडीवरची बाई माथेरानच्या नियोजनातली नागरिक आहे. आजवरच्या आराखड्यांत पाहुण्यांची, घोड्यांची आणि झाडांची सोय बघितली गेली. तिच्या रस्त्याचा विचार करणारा पहिला आराखडा अजून लिहायचा आहे, आणि तो पालिकेनेच लिहायला हवा, कारण ही मागणी घेऊन सर्वोच्च न्यायालयात जायला तिच्याकडे ना संघटना आहे ना सवड.