बारीक टायरांची कारकीर्द

ज्या अमेरिकेत 1892 साली सायकलस्वारांच्या संघटनेने 'गुड रोड्स' हे मासिक काढून चिखलमातीच्या रस्त्यांविरुद्ध सरकारदरबारी अर्जविनंत्यांचा पाठपुरावा केला, त्याच अमेरिकेत सव्वाशे वर्षे पुरी होण्याच्या आत सायकलस्वार आपण होऊन खडीचे रस्ते शोधू लागले आणि त्या रस्त्यांसाठी 'ग्रॅव्हल बाइक' ही निराळी जात बाजारात आली. रोड बाइक असताना या नव्या वाहनाची खरोखर गरज आहे काय, असे मला पुष्कळांनी विचारले आहे; आणि मागचा काळ तपासून पाहता माझे मत असे झाले आहे की, ही गरज सर्वस्वी खडीने उत्पन्न केली नसून, बव्हंशी रोड बाइकने मध्यंतरी स्वतःवर लादून घेतलेल्या अरुंदपणाने उत्पन्न केली.

रोड बाइक मुळात वाढली ती कच्च्या रस्त्यावरच. 1910 साली तूर द फ्रान्सची शर्यत पिरेनीज पर्वतातील तूरमाले घाटावरून प्रथम नेण्यात आली, तेव्हा तो घाट म्हणजे दगडगोट्यांची वाट होती, आणि त्या वर्षी अखेर विजयी ठरलेल्या ऑक्ताव्ह लापीझलाही तिच्यावर काही अंतर सायकल हाती धरून चालावे लागले. पुढे डांबर पसरले, टायर बारीक होत गेले, आणि टायर जितका बारीक व कडक तितका वेग अधिक, हा समज इतका दृढमूल झाला की 23 मिलिमीटर रुंदी व शंभरावर पौंड हवा ही वहिवाटच पडली. रिमला चिमटा घेणारे ब्रेक टायरच्या माथ्यालगत बसत असल्यामुळे, एखाद्याने रुंद टायर घालावयाचे मनात आणले तरी फ्रेममध्ये त्यास जागाच उरली नव्हती.

त्या वहिवाटीचे फळ मी वेल्ह्याच्या पुढे भोगले आहे. डांबर उखडून खाली खडी उघडी पडलेल्या उतारावर माझे मागचे चाक एका धारदार दगडावर आपटले, आणि ट्यूब बाहेर काढून पाहतो तो रिमच्या दोन्ही कडांमध्ये चेपल्यामुळे तिच्यावर बोटभर अंतराने दोन समांतर चिरा पडलेल्या. हवा कमी केली तर ट्यूब अशी चेपते, आणि वाढविली तर प्रत्येक खडा सायकलीला उचलून टाकतो व पायांनी कमावलेली शक्ती अंग हादरण्यातच खर्ची पडते. 23 मिलिमीटरच्या टायरला या दोहोंमधला मार्ग नाही. तोच भार 40 मिलिमीटरचा टायर निम्म्याहून कमी दाबावर वाहतो, आणि खडा चाकाखाली येताच स्वतः दबून सायकलीला समतल जाऊ देतो.

कॅन्सस राज्यातील एम्पोरिया गावाहून 2006 साली 34 स्वार 200 मैलांच्या ज्या शर्यतीस निघाले, आणि जी आज 'अनबाउंड ग्रॅव्हल' या नावाने प्रसिद्ध आहे, तिचा मार्ग फ्लिंट हिल्स या टेकड्यांमधून जातो. तेथील खडी चकमकीच्या दगडाची, कापलेल्या काचेसारखी धारेची. टायरची बाजू ती सुरीसारखी चिरते. तेथे रोड बाइक अपुरी पडते, याविषयी मला तिळमात्र शंका नाही, आणि 2012 साली सालसा कंपनीने 'वॉरबर्ड' ही खास अशा शर्यतींसाठी घडविलेली सायकल आणली, ती खऱ्या अडचणीवरची तजवीज होती. रुंद टायर, लांब व स्थिर बैठक, चढावर दमछाक होऊ न देणारे हलके गिअर, ही सारी त्या भूमीची मागणी होती.

तथापि इटलीतील तोस्काना प्रांताचा दाखला नेमका उलट आहे. तेथील पांढऱ्या मातीचे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणून 1997 साली जानकार्लो ब्रोच्ची यांनी 'लेरोइका' ही जुन्या सायकलींची सफर सुरू केली, तिच्यातून 2007 साली व्यावसायिकांची 'स्त्रादे ब्यांके' ही शर्यत निघाली, आणि तिच्यातील साठाहून अधिक किलोमीटर कच्चा रस्ता जगातील उत्तमोत्तम स्वार आजही रोड बाइकवरच पार करतात. माती दाबून बसलेली असेल आणि स्वार कसलेला असेल, तर रोड बाइकला खडी वर्ज्य नाही.

त्यातच 2018 साली व्यावसायिक रस्ता-शर्यतींत डिस्क ब्रेकला कायमची मुभा मिळाली, टायरच्या माथ्यावरचा ब्रेकचा पहारा उठला, आणि रोड बाइक पुन्हा रुंदावू लागली. 2019 साली आलेल्या, ट्रेक कंपनीच्या 'डोमानी' या रोड बाइकमध्ये 38 मिलिमीटरचा टायर मावतो. ज्याचा रस्ता बहुतांशी डांबरी असून मधूनच मुरमाचा वा खडीचा तुकडा लागतो, अशा स्वाराने निराळी ग्रॅव्हल बाइक घ्यावी असे मी आता सांगत नाही. फोर्क आणि टायर यांच्यामध्ये बोट सहज फिरते की नाही, एवढे मात्र दुकानात वाकून अवश्य पाहावयास लावतो. पाणंदीपाणंदीने दोन दोन दिवस सामान लादून हिंडणाऱ्याची गोष्ट वेगळी; त्याने ग्रॅव्हल बाइकच घ्यावी, आणि संकोच न करता घ्यावी.

गेल्या हिवाळ्यात 32 मिलिमीटरचे टायर घालून, हवा साठ पौंडांवर आणून मी वेल्ह्याच्या त्याच उतारावर गेलो. खडी तशीच होती. टायरखाली ती कुरकुरत राहिली, आणि मी ब्रेकवरची बोटे सैल सोडून तळापर्यंत उतरलो.