छतावर ताणलेलं पांढरं कापड

सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’मध्ये (1956) बनारसच्या घराचं अंगण दिसतं. वरून मोकळ्या आभाळाचा मवाळ उजेड झिरपत असतो. पण ते अंगण बनारसमधलं नव्हेच. कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी ते कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारलं होतं.

अडचण अशी, की अशा अंगणात थेट ऊन फारसं येत नाही, सावल्याही पुसट असतात. स्टुडिओतले दिवे मात्र थेट रोखले की प्रत्येक माणसामागे दोन-तीन काळ्याकुट्ट सावल्या उभ्या राहतात आणि सेटचं सोंग उघडं पडतं. छायालेखक सुब्रत मित्र यांनी सेटच्या वर पांढरं कापड ताणलं आणि दिवे खालून त्या कापडावर सोडले. परतून पसरलेला उजेड हुबेहूब आभाळाचा वाटला. आज ही पद्धत जगभर रुळली आहे. तेव्हा ती नवलाची होती. आणि हे करणारा माणूस राय यांच्याच ‘पथेर पांचाली’आधी मूव्ही कॅमेऱ्याला हात न लावलेला!

देखणेपणा म्हणजे महागडी दृश्यं, हा समज मला म्हणूनच पटत नाही.

1993 मध्ये लंडनच्या एका फिल्म प्रयोगशाळेला आग लागून, ‘पथेर पांचाली’ आणि ‘अपराजितो’ ज्यात येतात त्या चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. वाचलेल्या फितींवर इटलीतल्या बोलोन्यात काम होऊन 2015 मध्ये नव्या प्रती आल्या. ‘अपराजितो’ पाहायचा तर ही प्रत पाहा, आणि शक्यतो मोठ्या पडद्यावर. मोबाइलवर त्यातल्या करड्या छटा मरतात.