कुंडींतील बिनकांटेरी ब्लॅकबेरी

परसांतील कुंडींत बिनकांटेरी ब्लॅकबेरी लावावी काय, असें आमच्या कित्येक वाचकांनीं विचारलें आहे. करवंदीच्या जाळींत हात ओरबाडून घेतलेल्या माणसास कांटा नसलेल्या फांदीचें आकर्षण वाटावें हें स्वाभाविकच आहे. परंतु छत्रपती संभाजीनगरच्या हवेंत ह्या झाडाची खरी अडचण थंडीची आहे.

ह्याचीं मुळें बहुवर्षायु, पण फांद्या दोनच वर्षांच्या सोबती. पहिल्या वर्षीं धुमारा वाढतो, हिवाळ्यांत निजतो, दुसऱ्या वर्षीं फळें देतो आणि वाळून जातो. ही झोप पुरी होण्यास सात अंशांखालची थंडी शेंकडों तास लागते. कांहीं जातींस तीनशें तास, कांहींस आठशेंहि. आपलें शहर साडेपांचशें मीटरांवर वसलेलें असलें तरी पौषांतली पहाट सामान्यतः दहा-बारा अंशांवरच थांबते. एखाद्या लाटेंत पारा खालीं उतरतो, पण चार दिवसांच्या थंडीनें हा हिशेब भरत नाहीं.

आमच्याच अंगणांतली गोष्ट सांगतों. जातीचें नांव न विचारतां एक रोप आणून अर्ध्या पिंपांत लावलें. पावसाळ्यांत धुमारे पुरुषभर वाढले, घरच्या मंडळींनीं हौसेनें मांडव घातला, आणि दोन हिवाळे गेले तरी एक कळी दिसली नाहीं. शिवाय मुळाशीं जो नवा कोंब आला तो चांगलाच कांटेरी निघाला! कारण पुढें समजलें. कांहीं जातींत कांटे नसण्याचा गुण केवळ वरच्या सालीपुरता असतो. मुळांतून फुटलेला कोंब मूळच्या स्वभावावर जातो. अशा जातीचीं नवीं रोपें फांदीचें टोंक मातींत दाबून करावीं, मुळाच्या तुकड्यांपासून करूं नयेत.

ज्यांस प्रयोग करावयाचाच आहे त्यांनीं पहिल्याच वर्षाच्या धुमाऱ्यावर फळणारी जात मागावी. अमेरिकेंतील आर्कान्सा विद्यापीठानें २०१३ सालीं प्रसृत केलेली ‘प्राइम-आर्क फ्रीडम’ ही तशी बिनकांटेरी जात आहे. तिच्या नव्या धुमाऱ्यास थंडीची वाट पाहावी लागत नाहीं. मात्र फुलोऱ्याच्या वेळीं पारा तीस अंशांपलीकडे राहिल्यास फळ नीट धरत नाहीं. म्हणून पावसाळ्यांत शेंडे खुडून फुलोरा मार्गशीर्षाकडे ढकलतां येतो काय, हें अजमावून पाहावें.

आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनींत ह्याचीं पानें पिवळीं पडतात, आणि कुंडीचा उपयोग येथेंच होतो. चाळीस-पन्नास लिटरांचें भांडें, तळाशीं मोकळीं भोंकें, लाल माती व चांगलें कुजलेलें शेणखत एवढें पुरे. विहिरीचें पाणी क्षारयुक्त असेल तर पागोळीचें साठविलेलें द्यावें. वैशाखांत पारा चाळिसांवर जातो तेव्हां कुंडी भिंतीच्या पूर्वेस, दुपारच्या सावलींत असावी. तापलेल्या पिंपांत मुळें अक्षरशः शिजतात.

एकरभर लागवडीचा विचार मात्र कोणीं करूं नये. काळ्या, गोड, रसाळ फळाचीच हौस असेल तर तुती लावावी, असें आमचें मत आहे. तिला कांटा नाहीं, थंडीचा हट्ट नाहीं, काळी जमीन चालते, आणि काडी रोवली कीं मूळ धरते. छाटणी करून पाणी दिलें कीं नव्या फुटीबरोबरच फळ येतें. रेशमासाठीं लावितात ती पाल्याची जात. खाण्यासाठीं लांबट काळ्या फळाची वेगळी मागून घ्यावी. फळें रंगूं लागतांच झाडावर जाळें टाकावें, कारण बुलबुल आपल्याआधीं उठतात.